अठरा ऑगस्ट : हेलियमचा दिवस आणि त्याचा खरा इतिहास

प्रत्येक प्रदेशाच्या जीवनात काही तारखा अशा असतात की, त्या कोणास शिकवाव्या लागत नाहीत. दादरा आणि नगर हवेलीच्या रहिवाशांस २ ऑगस्ट ही तारीख तशी आहे. १९५४ साली या दिवशी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. ही हकीकत आजोबांकडून नातवाकडे आपोआप जाते, आणि शाळेच्या पटांगणावर ध्वज चढताना लहान मुलांनाही तिचा अर्थ ठाऊक असतो. ज्या घटनेने माणसांचे जीवन बदलले, तिचा दिवस लक्षात ठेवणे हे स्वाभाविकच होय.

विज्ञानाच्या इतिहासातील दिवसांचे मात्र असे होत नाही. त्या घटनांनीही आपले जीवन बदललेले असते. पण त्या प्रयोगशाळेच्या चार भिंतींत किंवा दुर्बिणीच्या टोकाशी घडलेल्या असतात. गावात ना मिरवणूक निघालेली असते, ना कोणाच्या हातून कोणाकडे सत्ता गेलेली असते. म्हणून असे दिवस मुद्दाम सांगावे लागतात. आणि सांगणारा चुकला, तर ऐकणारे सर्वच चुकतात. २ ऑगस्टनंतर अवघ्या सोळा दिवसांनी येणारा १८ ऑगस्ट हा असाच एक दिवस आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात तो हेलियम दिन म्हणून साजरा होऊ लागला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्ग किल्ल्याशी त्याचा संबंध जोडला जातो. हा संबंध कितपत खरा, त्या दिवशी नेमके काय घडले आणि आपल्या शाळांनी व ग्रामपंचायतींनी हा दिवस कसा पाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रचलित कथा

सामान्यतः सांगितली जाणारी कथा अशी : १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ते विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिले आणि तेथेच त्यास हेलियम वायूचा शोध लागला. पुराव्यादाखल किल्ल्यातील दगडी चौथरे दाखविले जातात. ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ते परिसरात प्रसिद्ध आहेत.

या कथेतील ग्रहण खरे आहे, चौथरे खरे आहेत, लॉकियर विजयदुर्गास आला होता हेही खरे आहे. परंतु या तीन खऱ्या गोष्टी एका दिवसाच्या नाहीत. ग्रहण १८६८ चे आणि लॉकियरचे विजयदुर्गातील वास्तव्य १८९८ चे. मध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. एका पिढीहून अधिक असलेले हे अंतर लोकस्मृतीने पुसून टाकले आणि दोन्ही घटना एकत्र बांधल्या. लोकस्मृतीचा हा स्वभावच आहे. त्यात कोणाचा अपराध नाही; पण शाळेत जे शिकवायचे, ते तपासून शिकविले पाहिजे.

१८६८ साली नेमके काय घडले?

मंगळवार, दिनांक १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची छाया एडनच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून भारतावर आली आणि दख्खन पार करून पूर्व किनाऱ्याने सयाम, म्हणजे आजच्या थायलंडकडे गेली. हे ग्रहण दीर्घ मुदतीचे होते. आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे सूर्य पाच मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला होता. खग्रास स्थिती एरवी दोन-तीन मिनिटांचीच असते. त्यामुळे युरोपातील विद्वानांचे लक्ष या ग्रहणाकडे आधीपासूनच लागले होते.

निरीक्षणासाठी निरनिराळ्या ठिकाणी पथके नेमण्यात आली. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट यांचे तळ होते. मछलीपट्टणम येथे मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. त्याच वेधशाळेतील भारतीय ज्योतिर्विद चिंतामणी रघुनाथाचारी यांनी आज तेलंगणात असलेल्या वनपर्ती येथून स्वतंत्रपणे वेध घेतले. मराठी मुलखाच्या सीमेवर, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांचा मुक्काम होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. विजापूर येथे कॅप्टन हेग होते.

या यादीत लॉकियर नाहीत, कारण ते त्या वेळी भारतात नव्हतेच. ते इंग्लंडच्या युद्धखात्याच्या कचेरीत कारकुनी करीत आणि फावल्या वेळात आकाशाचे वेध घेत. ऑगस्ट महिना हा कोकणात भर पावसाचा असतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. जमखंडीसारख्या घाटमाथ्यापलीकडच्या ठिकाणीही हर्शेल यांस ढगांनी त्रास दिला आणि ढगांच्या फटींतून मिळाले तेवढे दर्शन त्यांनी पदरात पाडून घेतले. ज्या दिवसांत नगर हवेलीत भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि दमणगंगा दुथडी वाहते, त्या दिवसांत समुद्रकाठच्या किल्ल्यावर सूर्य दिसण्याचा भरवसा कोण धरील? एखादी ऐतिहासिक कथा ऐकताना ऋतू आणि महिना यांचा असा साधा विचार केला, तरी पुष्कळदा तिच्यातील शंकास्थान सापडते.

पिवळी रेघ म्हणजे काय?

या सर्व पथकांना पाहायचे तरी काय होते, हे समजण्यासाठी वर्णपट ही कल्पना समजून घेतली पाहिजे. सूर्यप्रकाश काचेच्या लोलकातून गेला की, त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग पसरतात. या रंगपट्ट्यास वर्णपट म्हणतात. पावसाळ्यात डोंगरावर दिसणारे इंद्रधनुष्य हा निसर्गाचा वर्णपटच होय. जर्मनीतील फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातील बारीक काळ्या रेघांचा अभ्यास केला आणि १८१४ च्या सुमारास ठळक रेघांस अक्षरे दिली. पिवळ्या भागातील जोडरेघेस त्यांनी ‘डी’ हे अक्षर दिले.

या रेघांचा अर्थ १८५९-६० मध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन या जोडीने उलगडला. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूपात चमकू लागले की, ते ठरावीक रंगांच्याच रेघा देते. एका मूलद्रव्याच्या रेघा दुसऱ्यास मिळत नाहीत. दस्तऐवजावर उठविलेला अंगठा जसा एकाच माणसाचा असतो, तशा वर्णपटातील रेघा एकाच मूलद्रव्याच्या असतात. ‘डी’ ही जोडरेघ सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातील धातूची खूण आहे. यामुळे सूर्यासारख्या कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या गोलात कोणते पदार्थ आहेत, हे तेथे न जाता सांगता येऊ लागले.

ग्रहणाच्या वेळी सूर्याचे झगझगीत बिंब चंद्राआड गेले की, त्याच्या कडेवर तांबूस ज्वाला दिसतात. त्यांस सौरज्वाला म्हणतात. त्या वायूच्या आहेत की आणखी कशाच्या, याविषयी तोपर्यंत खात्री नव्हती. १८ ऑगस्ट रोजी अनेक निरीक्षकांनी वर्णपटदर्शक यंत्रातून त्या पाहिल्या आणि त्यांना तेजस्वी रेघा दिसल्या. सौरज्वाला तप्त वायूच्या असून त्यांत मुख्यत्वे हायड्रोजन आहे, हे त्यामुळे निश्चित झाले. या रेघांमध्ये एक पिवळी रेघही होती. बहुतेकांनी ती सोडियमची समजून सोडून दिली. ती ‘डी’ रेघेशी बरोबर जुळत नाही, अशी शंका पॉगसन यांच्या नोंदीत आढळते. पण ग्रहणाच्या घाईत नक्की मोजमाप करण्यास सवड नव्हती.

जान्सेन यांची दुसरी सकाळ

गुंटूर येथे जान्सेन यांचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. ज्वालांच्या रेघा त्यांना इतक्या तेजस्वी दिसल्या की, ग्रहण सुटल्यावरही त्या दिसावयास हव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यामागील तर्क सोपा आहे. दिवसा सूर्याभोवतीच्या आकाशाचा उजेड ज्वालांना झाकून टाकतो. परंतु हा उजेड सर्व रंगांचा मिळून झालेला असतो. यंत्रातून गेल्यावर तो लांबरुंद पट्ट्यात पसरतो आणि फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रंगांचा असल्याने तो मोजक्या रेघांतच एकवटून राहतो. घमेलेभर पाणी शेतात ओतले तर जिरून जाते; तेच पाणी अरुंद पाटातून सोडले तर वाहताना दिसते. प्रकाशाचेही तसेच.

दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्ट रोजी, जान्सेन यांनी ग्रहण नसलेल्या सूर्याच्या कडेवर यंत्र रोखले आणि ज्वालांच्या रेघा खरोखरच दिसल्या. ज्या गोष्टीसाठी शास्त्रज्ञांस वर्षानुवर्षे ग्रहणाची वाट पाहावी लागे आणि हजारो मैल प्रवास करावा लागे, ती आता कोणत्याही निरभ्र दिवशी करता येऊ लागली.

इकडे इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी याच तर्काने यंत्र बनवून घेण्याचे आधीच योजिले होते. ते हाती येण्यास विलंब झाला. अखेर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेघा पाहिल्या. जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकियर यांचा वृत्तान्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आले. अकादमीने भांडण न माजविता श्रेय दोघांस दिले आणि दोघांच्या मुद्रा असलेले पदक पाडले.

यानंतरचे काम लॉकियर यांचे. घाई नसलेल्या दिवशी, चांगल्या यंत्राने त्यांनी पिवळ्या रेघेचे मोजमाप केले. सोडियमच्या दोन रेघा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आहेत. नवी रेघ ५८७.६ च्या आसपास पडते. फरक अगदी थोडा आहे, पण तो फरकच आहे. या रेघेस त्यांनी ‘डी-तीन’ असे नाव दिले. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या साहाय्याने त्यांनी ही रेघ प्रयोगशाळेत हायड्रोजनपासून मिळविण्याचा प्रयत्न केला. ती मिळाली नाही. मग ही पृथ्वीवर न सापडलेल्या एखाद्या मूलद्रव्याची रेघ असावी, असा विचार पुढे आला आणि सूर्यवाचक ‘हेलिऑस’ या ग्रीक शब्दावरून त्यास हेलियम म्हणू लागले. १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात लॉर्ड केल्व्हिन यांनी या नावाचा जाहीर उल्लेख केला.

सूर्यावरून पृथ्वीवर

अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे मूलद्रव्य मान्य नव्हते. जे हातात येत नाही, ज्याचे वजन करता येत नाही, ते केवळ एका रेघेवरून कसे मानावे, हा त्यांचा आक्षेप होता. आणि तो अवाजवी म्हणता येणार नाही. सत्तावीस वर्षे हा प्रश्न तसाच राहिला. २६ मार्च १८९५ रोजी लंडनमध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून वायू मिळविला. ते आरगॉन वायूच्या शोधात होते. या वायूच्या वर्णपटात त्यांना एक तेजस्वी पिवळी रेघ दिसली. ती सोडियमची नव्हती. क्रुक्स आणि लॉकियर यांनी तपासून ती ‘डी-तीन’ असल्याची खात्री केली. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे क्लेव्ह आणि लांगलेट यांनीही हा वायू वेगळा करून त्याचा अणुभार काढला.

युरेनियमच्या खनिजात हेलियम का असावा, याचे उत्तर पुढे रदरफर्ड यांनी दिले. किरणोत्सर्गी पदार्थांतून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचेच अणुगर्भ होत, हे त्यांनी व रॉयड्स यांनी १९०८-०९ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. पृथ्वीच्या पोटातील खडकांत हा वायू असा सावकाश तयार होतो. पश्चिम बंगालमधील बक्रेश्वर येथील उष्ण झऱ्यांच्या वायूत तो आढळतो, तो याच कारणाने. हवेत मात्र त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे पाच भाग एवढे अल्प आहे. उलट सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियमचा आहे.

१० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडेन येथे कामर्लिंग ओनेस यांनी हेलियमचे द्रवात रूपांतर केले. त्यासाठी शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसइतके थंड तापमान गाठावे लागले. याच थंडीच्या साहाय्याने त्यांनी १९११ मध्ये अतिसंवाहकतेचा शोध लावला. आज मोठ्या रुग्णालयांत मेंदूची व मणक्याची प्रतिमा घेणारे एमआरआय यंत्र असते. त्यातील शक्तिशाली चुंबक सामान्यतः द्रव हेलियमने थंड ठेवलेला असतो. सूर्याच्या कडेवर दिसलेल्या एका रेघेचा धागा रुग्णाच्या उपचारापर्यंत असा पोहोचला आहे.

मग विजयदुर्गाचे काय?

विजयदुर्गाचा मान या सर्व हकीकतीने कमी होत नाही. त्याची तारीख तेवढी बदलते. शनिवार, दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा एकदा खग्रास ग्रहणाची छाया भारतावरून गेली. ती कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाच्या परिसरात उतरून ईशान्येकडे सरकली. या वेळी सर नॉर्मन लॉकियर स्वतः विजयदुर्गास आले. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते. दुर्बिणी व प्रकाशचित्रणाची यंत्रे हलू नयेत म्हणून त्यांस पक्का आधार लागतो. किल्ल्यातील ओट्यांचा संबंध या मोहिमेशी लावणेच सयुक्तिक ठरते. जानेवारीचे आकाश निरभ्र होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास काळात पथकाने वर्णपटाची प्रकाशचित्रे घेतली. आपल्याकडून झालेल्या वेधांचा वृत्तान्त लॉकियर यांनी विजयदुर्गाच्या नावानिशी प्रसिद्ध केला.

याच ग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथेही मोठा तळ पडला होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची यंत्रे नेऊन वेध घेतले आणि त्यांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ही पुण्यातील वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल हेही ग्रहणासाठी जेऊर येथेच आले होते. लॉकियर यांची आठवण विजयदुर्गाने जपली, हे योग्यच झाले. पण नायगमवाला यांची आठवण जेऊरने आणि पुण्याने किती जपली आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

लॉकियर १८७१ सालीही ग्रहणासाठी भारतात आले होते, परंतु त्या वेळी त्यांनी १२ डिसेंबर रोजी केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावरून वेध घेतले. समुद्रकाठचा किल्ला, तोच साहेब आणि तेच ग्रहण, अशा गोष्टी एकमेकींत मिसळण्यास किती वाव आहे, हे यावरून दिसून येईल.

सारांश असा : १८ ऑगस्ट १८६८ हा पिवळ्या रेघेच्या पहिल्या दर्शनाचा दिवस. २० ऑक्टोबर १८६८ हा लॉकियर यांच्या यशाचा दिवस. २६ मार्च १८९५ हा पृथ्वीवर हेलियम हाती लागल्याचा दिवस. आणि २२ जानेवारी १८९८ हा विजयदुर्ग व जेऊर यांचा दिवस. शोध हा पुष्कळदा एका दिवसात लागत नाही. तो अनेकांच्या हातून, अनेक ठिकाणी, टप्प्याटप्प्याने लागतो. स्मरणदिन पाळण्यासाठी आपण त्यांतील एक तारीख निवडतो, एवढेच.

सयामच्या राजाचे उदाहरण

१८ ऑगस्ट हा दिवस पाळणारा आणखी एक देश आहे. सयामचे राजे मोंगकुट हे खगोलशास्त्राचे अभ्यासक होते. १८६८ च्या ग्रहणाचे गणित त्यांनी सुमारे दोन वर्षे आधी स्वतः केले आणि ते पाहण्यासाठी वाको या किनारी ठिकाणी दरबारासह मुक्काम केला. गणित बरोबर ठरले. परंतु त्या दलदलीच्या मुलखात त्यांस हिवताप जडला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो, तो या राजाच्या स्मरणार्थ.

हिवतापाचे कारण त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. ते पुढे भारतातच उघडकीस आले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांस ॲनाफिलीस डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. १८ ऑगस्टनंतर दोनच दिवसांनी येणारा हा दिवस जागतिक मच्छर दिन म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात डबकी साचणाऱ्या प्रत्येक गावाच्या दृष्टीने तो हेलियम दिनाइतकाच महत्त्वाचा आहे. हे दोन दिवस जोडून पाळले, तर पहिल्या दिवशी आकाश आणि तिसऱ्या दिवशी अंगणातील साचलेले पाणी, असा सुंदर अभ्यासक्रम आपोआप तयार होतो.

शाळांनी व ग्रामपंचायतींनी काय करावे?

स्मरणदिन म्हणजे केवळ भाषण आणि हारतुरे नव्हेत. ज्या कृतीमुळे तो दिवस मोठा झाला, ती कृती लहान प्रमाणात पुन्हा करणे, हेच त्याचे खरे स्मरण होय. सिल्वासा, नरोली, खानवेल किंवा दुधनी येथील कोणत्याही शाळेस पुढील उपक्रम अल्प खर्चात करता येतील.

पहिला उपक्रम : बुटाच्या रिकाम्या खोक्याच्या एका टोकास अरुंद उभी फट पाडावी. आत जुनी सीडी तिरपी बसवावी आणि पाहण्यासाठी वरच्या बाजूस लहान भोक ठेवावे. फट ट्यूबलाइटकडे, एलईडी दिव्याकडे व साध्या तारेच्या बल्बकडे रोखून प्रत्येकाचा वर्णपट पाहावा. ट्यूबलाइटमध्ये वेगळ्या ठळक रेघा दिसतात, तर तारेच्या बल्बमध्ये सलग पट्टा दिसतो. हा फरक मुलांनी स्वतः वहीत काढावा. खोके कधीही थेट सूर्याकडे रोखू नये.

दुसरा उपक्रम : शिक्षकांनी स्वतः, मुलांना दूर बसवून, स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ धरावे. ज्योत पिवळीधमक होते. हाच सोडियमचा रंग. १८६८ साली निरीक्षकांची फसगत याच रंगाने केली होती. दोन पिवळे रंग डोळ्यास सारखे दिसले तरी मोजमापास सारखे नसतात, हा धडा या ज्योतीतून मुलांच्या मनावर ठसेल.

तिसरा उपक्रम : गावाच्या स्वतःच्या तारखांची वही करावी. शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली, पहिला दवाखाना केव्हा आला, वीज केव्हा आली, मोठा पूर कोणत्या वर्षी आला, या गोष्टी वृद्ध मंडळी घटनांच्या आधाराने सांगतात. ग्रामसेवक व तलाठी यांच्या दप्तराशी त्या पडताळून पाहाव्यात. दोन्ही जुळल्यास तारीख पक्की करावी. न जुळल्यास दोन्ही लिहून ठेवाव्यात.

पडताळणीसाठी चार प्रश्न उपयोगी पडतील. ही गोष्ट प्रथम कोणी व केव्हा लिहिली? सांगणारा त्या वेळी तेथे होता काय? त्या ऋतूत, त्या ठिकाणी असे घडणे शक्य होते काय? आणि दुसऱ्या स्वतंत्र नोंदीत त्याचा दुजोरा मिळतो काय? विजयदुर्गाच्या कथेस हे चार प्रश्न लावले की, १८६८ गळून पडते आणि १८९८ शिल्लक राहते.

आणखी काही दिवस

आपल्या प्रदेशाच्या जवळचे असे आणखी काही दिवस शिक्षकांनी फळ्यावर लिहावेत. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. २८ फेब्रुवारी १९२८ हा चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाचा दिवस असून १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन यांचा शोधही वर्णपटातील नव्या रेघांचाच होता. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय वनौषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ छापून झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली; भारतातील ती पहिली यशस्वी लस होय.

चिंतामणी रघुनाथाचारी यांचाही येथे पुन्हा उल्लेख केला पाहिजे. १८७४ मध्ये शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण होणार होते. ते काय असते, हे सामान्य लोकांस कळावे म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि ती इंग्रजीखेरीज भारतीय भाषांतही काढली. शास्त्र लोकांच्या भाषेत सांगण्याचे जे काम आज शासकीय पत्रिका व शाळा करतात, ते त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी केले होते.

येणारे ग्रहण

सन २०२७ मध्ये एक विशेष योग आहे. त्या वर्षी २ ऑगस्ट रोजीच सूर्यग्रहण आहे. त्याची खग्रास छाया स्पेन, इजिप्त व अरबस्तान यांवरून जाईल. पश्चिम भारतात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. म्हणजे नगर हवेलीच्या मुक्तिदिनीच, आकाश मोकळे असल्यास, सिल्वासा येथील मुलांना सूर्याचा काही भाग चंद्राआड गेलेला पाहता येईल. दिवस पावसाळ्याचा असल्याने ढगांची अडचण येऊ शकते, हे जमखंडीच्या अनुभवावरून आपण जाणतोच. २२ जुलै २००९ रोजी सुरतेवरून खग्रास छाया गेली, त्या वेळीही ढगांनी पुष्कळांची निराशा केली होती.

या ग्रहणाची तयारी आतापासून करता येईल. ग्रहणकाळी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, धूर धरलेल्या काचेतून अथवा क्ष-किरणाच्या फिल्ममधून पाहू नये. डोळ्यास कायमची इजा होते. प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरावा. तो नसल्यास पुठ्ठ्यास टाचणीने भोक पाडून त्यातून येणारी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी. झाडाच्या पानांतून जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसेही त्या वेळी कोरीचे आकार घेतात. ते पाहण्यास कोणतेही साधन लागत नाही. ग्रहणकाळात घराबाहेर पडू नये, अन्नपाणी टाकून द्यावे, अशा समजुती काही घरांत आहेत. त्यांची टवाळी करू नये. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली आहे, तिने अन्न बिघडत नाही, हे मुलांनी आपल्या आईवडिलांस कागदावरील प्रतिमा दाखवून समजावून द्यावे. डोळ्यांदेखत पाहिलेली गोष्ट शंभर उपदेशांपेक्षा अधिक काम करते.

प्रत्येक शाळेने त्या दिवशी ग्रहण लागल्याची व सुटल्याची वेळ, आकाशाची स्थिती आणि निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे वहीत नोंदवून ती वही शाळेच्या दप्तरी ठेवावी. ढगांमुळे काही दिसले नाही, तर तेही तसेच लिहावे. पुढे कधी कोणी विचारले की, २०२७ साली या गावातून ग्रहण दिसले होते काय, तर त्याचे उत्तर ऐकीव कथेत शोधावे लागू नये; ते त्या वहीत तारखेसह मिळावे.